वायफायच्या दांड्या फुल्ल, पण नेट गायब: टाचणी हातात घेण्याआधी काय बघायचं?

तारमास्तर

घरचं नेट गेलं की बरेच जण राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून मोकळे होतात. माझं मत सांगतो: त्या टाचणीची गरज क्वचितच असते आणि नुकसान मात्र हमखास होतं. रीसेट झाला की पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) यूजरनेम-पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीने लाइनला दिलेल्या खुणेचा) आकडा, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. आधी फक्त नेट नव्हतं, आता वायफायही अनोळखी नावाने दिसायला लागतं, आणि केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत बसून राहायचं. खटका बंद करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट, तो खुशाल करा. पण त्याआधी दोन मिनिटं देऊन कुठे तुटलंय ते बघा, कारण रीस्टार्ट केला की राउटरमधला लॉग (घडामोडींची नोंद) बहुधा पुसला जातो आणि पुरावाच उरत नाही.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेकांकडे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. मग तीन खिडक्या उघडा. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं, -टी म्हणजे थांबवेपर्यंत मारत राहणं. पहिलीत पिंग -टी आणि राउटरचा पत्ता. दुसरीत पिंग -टी ८.८.८.८, हा गूगलचा पत्ता. तिसरीत पिंग -टी आणि कुठल्याही मोठ्या संकेतस्थळाचं नाव. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत.

पहिलीतच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर भानगड घरातल्या हवेत, म्हणजे वायफायमध्ये आहे, कंपनीला फोन करू नका. पहिली सुरळीत आणि दुसरी बंद, तर राउटरच्या पुढे तुटलंय. दोन्ही सुरळीत आणि फक्त नावं उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सेवा.

तुम्ही काय काय तपासता ते लिहा. विशेषतः अशी लक्षणं, जी दिसतात एक आणि निघतात भलतीच.

मोरपंखी

आमच्याकडे अगदी हेच. संध्याकाळी पाच-सात मिनिटं नेट जातं, आपोआप येतं. वायफाय जात नाही, फोनवर चिन्हापुढे उद्गारचिन्ह येतं. कंपनीचा फायबरचा डबा वेगळा आणि आमचा राउटर वेगळा. नेट नाही हे फोनला कळतं कसं, हाही एक प्रश्न.

शून्य_एक

मोरपंखी, अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की गूगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो आणि २०४ हा कोड परत येतो का ते बघतो. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावरची एक मजकूर फाइल उतरवून बघतं. ते उत्तर आलं नाही की उद्गारचिन्ह. म्हणजे तार तुटली तरी तेच चिन्ह, डीएनएस बिघडला तरी तेच. त्याच्यावरून निदान होत नाही.

तारमास्तरांच्या तिसऱ्या खिडकीबद्दल दुरुस्ती. पिंग -टी सुरुवातीला एकदाच नाव विचारतो आणि पुढे मिळालेल्या आकड्यालाच हाका मारत राहतो. मध्येच डीएनएस मेला तर त्या खिडकीला पत्ताही लागणार नाही. तिथे एनएसलुकअप (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) वापरा आणि नेट गेलेलं असताना दर वेळी नवीन नाव विचारा, कारण जुनी नावं राउटरने लक्षात ठेवलेली असू शकतात.

आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पुढचं काहीच तपासू नका. राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक घेऊन ठेवलाय.

फायबर_जोडारी

मोरपंखी, डबा आणि राउटर वेगळे आहेत ही चांगली गोष्ट, दोन्हीकडचे दिवे वेगवेगळे वाचता येतात. नेट गेलं की डब्याकडे बघा. ओएनटी म्हणतात तो हाच.

पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) हिरवा दिवा स्थिर: प्रकाश येतोय आणि कंपनीच्या यंत्राने डब्याला ओळखलंय. पॉन लुकलुकतोय: प्रकाश आहे, पण नोंदणी होत नाहीये. एलओएस (सिग्नल हरवल्याचा दिवा) लाल: प्रकाशच पुरेसा येत नाही, म्हणजे फायबर तुटली, दबली किंवा वरचं कंपनीचं यंत्र बंद. लाल दिवा लागल्यावर राउटरशी खेळून उपयोग शून्य. शेजाऱ्याकडेही लाल असेल तर बिघाड जिन्यातल्या स्प्लिटरच्या (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या डबीच्या) वर आहे. फक्त तुमच्याकडे असेल तर स्प्लिटरपासून तुमच्या टेबलापर्यंत.

डब्याच्या पानावर लॉगिन होत असेल तर 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन स्टेटस' असं काहीतरी सापडेल. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक (डीबीएम हे ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). नेहमीच्या वर्गातल्या डब्यांची मर्यादा उणे २७ असते. त्या काठावर असाल तर नेट दिवसभर चालेल आणि मधूनच बसेल. नेट चांगलं चालू असताना हा आकडा लिहून ठेवा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. उणे २० वरून उणे २६ झालं तर चार भागांतला एकच भाग पोचतोय, कुणीतरी कपाट सरकवून फायबर चेंगरली असणार.

वळण किती चालतं? जुन्या जातीच्या काचेला ३० मिलिमीटर त्रिज्या लागते. घरात आणायची नवीन जात १० किंवा साडेसात मिलिमीटरपर्यंत सहन करते. पण खिळा मारून घट्ट आवळलेली क्लिप कुठल्याच काचेला चालत नाही.

आणि एक. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्यातच. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. हिरवा निळ्यात बसतो, नेटही कधीकधी येतं, पण टोकांमध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. काढलेल्या टोकात डोकावून बघू नका. लेझर डोळ्याला दिसत नाही, पण लागतो. बोटाने पुसूही नका, तेलकट डाग बसतो.

बटाटेभात

इथपर्यंत वाचलं आणि टाचणी परत डबीत ठेवली.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या भागात एप्रिल-मे मध्ये अर्ध्या तक्रारी तापण्याच्याच राहतात भाऊ. बहुतेक राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असते. चंद्रपूर-नागपूरला बाहेरच ४५ जाते, त्यात राउटर सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला, वरून क्रोशाचा रुमाल. मग दुपारी दोन-तीनला स्वतःच रीस्टार्ट होणार नाही तर काय.

खाली चार रबरी बुटं लावून उचलून ठेवा, भिंतीला उभा टांगला तर आणखी बरं. जाळीतली धूळ ब्रशने काढा, ओल्या फडक्याने नाही.

आणि अडॅप्टर. लोक राउटर बदलतात पण अडॅप्टरकडे बघत नाहीत. आतला कपॅसिटर फुगला की रिकाम्यात १२ व्होल्ट दाखवते आणि भार आला की खाली बसते. दिवे लागलेले दिसतात, पण वायफायवर चार जण व्हिडिओ लावतात तेव्हा मान टाकते. मल्टीमीटरने तपासायचं तर राउटर जोडलेला असताना तपासा, नुसत्या पिनवर तपासून काही कळत नाही.

रापण

संध्याकाळी जातंय म्हणजे व्होल्टेज. सगळीकडे एसी आणि पंप एकदम सुरू होतात. स्टॅबिलायझर लावा.

वऱ्हाडी_ठेचा

रापणभाऊ, अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असते. १७० झालं तरी धडधाकट अडॅप्टरला फरक पडत नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा, नवीन अडॅप्टर त्याच्या पाव किमतीत येते.

रापण

धडधाकट असेल तर. तुम्हीच वर लिहिलंत की कपॅसिटर फुगतो.

वऱ्हाडी_ठेचा

मग फुगलेला बदला ना, त्याला स्टॅबिलायझरचं टॉनिक कशाला?

तारमास्तर

दोघांनाही एक विनंती: राउटर रीस्टार्ट झाला की नाही हे ओळखायला भांडायची गरज नाही. स्टेटसच्या पानावर 'अपटाइम' असतो. नेट गेल्यावर लगेच बघा. अपटाइम बारा दिवस दिसला तर वीज, ताप, अडॅप्टर हे मुद्दे राउटरपुरते बाद. चार मिनिटं दिसला तर बहुधा त्यांतलंच एखादं कारण. मोरपंखी, डब्याचा अपटाइमही बघा, फक्त राउटरचा नको.

रापण

ठीक. कोकणातलं माझ्याकडून घ्या. पावसात फायबर गंजत नाही, पण खांबावरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी आणि चिखल जातो, आरएक्स उतरतो. ऊन पडलं की सुधारतो, म्हणून माणूस येतो तेव्हा सगळं ठीक दिसतं. आकडा लिहून ठेवायचा सल्ला इथे खरा कामाचा.

दुसरं, माडाच्या झावळीवर घासणारी वायर. तिसरं, माकडं. उड्या मारतात, लोंबकळतात, ड्रॉप केबल (खांबावरून घरात येणारी) क्लँपमधून सुटते आणि सगळा ताण कनेक्टरवर येतो. आत शिरण्याआधी केबलचा एक सैल वेढा ठेवायला सांगा आणि त्या वेढ्याचं टोक खाली ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं.

वीज पडण्याबद्दल: काचेतून वीज येत नाही, पण गच्चीवरच्या नेटवर्क स्विचपासून (एक जोडणी अनेक घरांना वाटणाऱ्या डब्यापासून) तांब्याची लॅन केबल खाली आणलेली असेल तर येते. मग राउटर चालू, वायफाय चालू, फक्त वॅनचं (कंपनीची तार जोडायचं) पोर्ट मेलेलं. तार घातली तरी वॅनचा दिवा लागत नाही आणि तीच तार लॅपटॉपला लावली की चालते, तर पोर्ट गेलं समजा. राउटर टाकू नका, काही मॉडेलांत लॅनचं (घरातल्या उपकरणांसाठीचं) एक पोर्ट वॅन म्हणून नेमता येतं.

चिकटपट्टी

केबलवाल्याची साधी लॅन केबल, पीपीपीओई. लाइट जाऊन आली की नेट यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी सारखा राउटर चालू-बंद करत राहतो, तरी येत नाही. मग आपोआप येतं.

शून्य_एक

चिकटपट्टी, तो चालू-बंदच थांबवा. लाइट गेली तेव्हा तुमच्या राउटरने कंपनीला 'मी निघालो' असं कळवलेलं नसतं. तिकडे जुनं सत्र जिवंत दिसतं, आणि एका खात्याला एकच सत्र असा नियम असेल तर नवीन लॉगिन नाकारलं जातं. जुनं सत्र काही मिनिटांनी आपोआप मरतं. प्रत्येक अर्धवट चालू-बंदमध्ये तुम्ही नवीन अर्धवट सत्र सोडून देत असाल तर ताटकळणं लांबतं. एकदा चालू करा आणि हात बांधून बसा. राउटरच्या पानावरून 'डिसकनेक्ट' दाबून मग बंद केलात तर हा त्रास होत नाही, पण लाइट तशी सूचना देऊन जात नाही.

पीपीपीओईची आणखी चार लक्षणं एकदमच सांगतो.

वॅनच्या पानावर 'कनेक्ट ऑन डिमांड' निवडलेलं असेल तर काही मिनिटं वापर नसला की राउटर स्वतः लाइन सोडतो. अनेक राउटरांत मूळ आकडा १५ मिनिटं असतो. तिथे 'ऑटो' निवडा.

वॅनची तार लॅपटॉपला लावून विंडोजमधून डायल केलं आणि ६९१ हा एरर कोड आला तर यूजरनेम, पासवर्ड किंवा संपलेला प्लॅन. ६५१ किंवा ६७८ आला तर पलीकडून उत्तरच नाही, तार किंवा स्विच बघा.

राउटर बदलल्यावर नेट येत नाही, जुना लावला की येतं: कंपनीने जुन्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलाय. 'मॅक क्लोन' वापरा किंवा फोन करून बांधणी सोडवून घ्या.

काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्धवट अडकतात: एमटीयू, म्हणजे माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार. पीपीपीओईला ८ बाइट जातात, म्हणून १५०० नाही, १४९२ हवा. पडताळा असा: पिंग -एफ -एल १४६४ आणि एखादा पत्ता. १४६४ गेला आणि १४६५ ला तुकडे करावे लागतील असा निरोप आला, तर बरोबर. त्या १४६४ वर २८ बाइट शीर्षकांचे धरा.

एडिसनकर

अमेरिकेतून थोडं अवांतर, कारण इथे बऱ्याच घरांत फायबर नाही, टीव्हीची कोअॅक्स केबल आणि केबल मोडेम. इथे बघायचं पान १९२.१६८.१००.१ वर असतं. डाउनस्ट्रीम (घरात येणाऱ्या सिग्नलची) पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत असलेली बरी, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) ३३ डीबीच्या वर. अपस्ट्रीम (बाहेर जाणारी) ५० च्या वर गेली तर मोडेम घसा फोडून ओरडतोय. लॉगमध्ये टी-३, टी-४ टाइमआउट (कंपनीकडून वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदी) दिसले की आधी सगळे स्क्रूवाले कनेक्टर हाताने घट्ट करा. मग भिंतीतले वापरात नसलेले स्प्लिटर काढा, दोन वाटांचा एक स्प्लिटर साडेतीन डीबी खातो. नवीन राउटर लावल्यावर मोडेमही बंद-चालू करावा लागतो, नाहीतर तो जुन्याच राउटरचा मॅक धरून बसतो.

कोल्हापुरी_पायताण

एडिसनकर, तिकडं माकडं नाहीत व्हय वायरीवर?

एडिसनकर

खारी आहेत. कुरतडण्यात माकडांच्या वरचढ.

कोल्हापुरी_पायताण

आता माझा विषय. लोक कंपनीच्या डब्याला स्वतःचा राउटर जोडतात आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. राउटरला वॅनकडून मिळतो १९२.१६८.१.५ आणि लॅनमध्ये तो स्वतःच १९२.१६८.१.१. कुठलं पाकीट आत ठेवायचं आणि कुठलं बाहेर पाठवायचं हेच त्याला कळत नाही. वायफाय झकास, नेट शून्य. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, सगळे नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा, दोन मिनिटांचं काम.

दुसरा प्रकार वाईट. वरच्या मजल्यासाठी जुना राउटर लावायचा म्हणून तार त्याच्या लॅन पोर्टात घालतात आणि डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायला विसरतात. एका घरात दोन कारभारी. कुणाला पत्ता खालचा देतो, कुणाला वरचा, आणि वरच्याने दिलेल्या गेटवेतून बाहेर जायला रस्ताच नाही. लक्षण असं की चार फोनांतले दोन चालतात, उद्या दुसरेच दोन चालतात. क्रम असा ठेवा: जुना राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडा, लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी बंद करा, आणि शेवटी लॅन टू लॅन तार. वॅनच्या पोर्टला हात लावायचा नाही. 'अॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो हे सगळं स्वतः करतो.

आणि तारेची दोन्ही टोकं एकाच राउटरच्या लॅनमध्ये घालू नका. सगळे दिवे एकदम फडफडायला लागले की तेच झालंय.

शून्य_एक

आता डीएनएस. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका आणि विसरून जा. स्थानिक कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर संध्याकाळी दमतात.

फायबर_जोडारी

असहमत. मोठ्या व्हिडिओ सेवांचे साठे कंपनीच्या आवारातच ठेवलेले असतात, आणि तुम्हाला कुठल्या साठ्याकडे पाठवायचं हे बऱ्याचदा डीएनएस कुणाचा आहे त्यावरून ठरतं. गूगलचा डीएनएस तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणासाठी कळवत नाही. परिणामी जवळचा साठा सोडून लांबून व्हिडिओ येऊ शकतो. आधी कंपनीचा वापरा, एनएसलुकअपने तो खरंच अडतोय असं दिसलं तरच बदला.

शून्य_एक

अडतोच. पण तपासून बदलायचं हे मान्य. एक भर: दुसरा डीएनएस पहिला मेल्यावरच वापरला जातो असं नाही, बरीच उपकरणं दोन्हीकडे विचारतात. म्हणून एक बिघडलेला आणि एक चांगला अशी जोडी ठेवली की 'कधी चालतं, कधी नाही' हे लक्षण स्वतःच्या हाताने तयार होतं.

बटाटेभात

एकाच फोनवर नेट नाही, बाकी घर मजेत. 'खासगी डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही' अशा अर्थाची पाटी येते.

तारमास्तर

बटाटेभात, फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. जाहिराती अडवायला कुणीतरी तिथे एखाद्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असतं. तो सर्व्हर बंद पडला की फोन दुसऱ्या कुणाला विचारतच नाही. 'ऑटोमॅटिक' करा. तिथे काही नसेल तर व्हीपीएन चालू आहे का बघा. तेही नसेल आणि राउटरवर मॅक फिल्टर (ठरावीक मॅकनाच आत घेणारा नियम) लावला असेल, तर फोनचा मॅक बदललाय का ते बघा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतात. 'नेटवर्क विसरा' करून पुन्हा जोडल्यावर तो काही फोनांत बदलतो.

चिकटपट्टी

आणि रोज सकाळी साडेचार ते साडेअकरा फक्त मुलांच्या टॅबवर नेट नसणं? हा प्रश्न गंभीर आहे, हसू नका.

शून्य_एक

पालक नियंत्रणात रात्री ११ ते सकाळी ६ बंदी लावलीत ना? राउटरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर आहे. साडेपाच तास मिळवा, बरोबर साडेचार ते साडेअकरा. सिस्टीम टाइममध्ये अधिक ५:३० निवडा.

चिकटपट्टी

दंडवत. मुलांना सांगत नाही.

फायबर_जोडारी

हवेतल्या भागावर कुणी फारसं लिहिलं नाही. पहिल्या खिडकीत टाइमआउट येत असेल त्यांच्यासाठी. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत ४० ठेवली तर शेजारच्या सगळ्यांशी मारामारी. ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब होऊन मिनिटभराने परत येत असेल तर चॅनल ५२ ते १४४ मधलं आहे का बघा. तिथे रडारला अग्रहक्क असतो. हवामानाची सी-बँड रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. रडारची चाहूल लागली किंवा लागली असं वाटलं की राउटर ते चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. त्याच पट्ट्यातल्या नवीन चॅनलवर जायचं तर आधी ६० सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ कायमचं ठरवून टाका.

रापण

रोज पहाटे टायमर लावून राउटर बंद-चालू करावा हे बऱ्याच जणांचं रामबाण औषध. मत?

तारमास्तर

मलमपट्टी. मेमरी कमी असलेल्या राउटरवर टॉरेंटने हजारो जोडण्या उघडल्या की तक्ता भरतो, आणि रीस्टार्टने रिकामा होतो, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. टॉरेंटमध्ये जोडण्यांची मर्यादा लावा. भिंतीवरचा टायमर तर नकोच, तो फर्मवेअर अपडेट चालू आहे की नाही हे न बघता वीज तोडतो. राउटरमध्येच 'रीबूट शेड्यूल' असतो, हौस असेल तर तो वापरा.

मोरपंखी

काल संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून बसले. पहिली पूर्ण वेळ सुरळीत. दुसरी बंद पडली. राउटरचा अपटाइम १९ दिवस. डब्याचा अपटाइम ३ मिनिटं. नेट परत आल्यावर आरएक्स पॉवर उणे २१.४.

फायबर_जोडारी

झालं, फायबर निर्दोष. डबा रीस्टार्ट होतोय आणि राउटर जागा असल्यामुळे वायफाय जात नाही. डब्याच्या अडॅप्टरवर काय छापलंय आणि डब्याच्या बुडाशी काय छापलंय, दोन्ही वाचून सांगा.

मोरपंखी

डब्याच्या खाली १२ व्होल्ट १ अँपिअर. त्याला लावलेल्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट ०.६. राउटरच्या खाली ९ व्होल्ट ०.६ आणि त्याला १२ व्होल्ट १ अँपिअरचा.

कोल्हापुरी_पायताण

अदलाबदल! धूळ पुसताना दोन्ही काढले असणार. पिन दोन्हीकडे साडेपाच मिलिमीटरची, बसते बरोबर.

वऱ्हाडी_ठेचा

९ व्होल्टवर डबा चालते हेच नवल. भार कमी असताना निभते, संध्याकाळी सगळे बसले की पडते. बदलून लावा, पण राउटर आजवर १२ वर चालत होता हे विसरू नका. आतला रेग्युलेटर तापून अर्धमेला झाला असू शकते, पुढचे काही दिवस हात लावून बघा.

मोरपंखी

बदलले. आज सलग चालू आहे. आता दोन्हींसाठी मिळून छोटा यूपीएस घ्यायचा विचार आहे, इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की दोन्ही रीस्टार्ट होतात.

वऱ्हाडी_ठेचा

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असा खटका असते. यूपीएसवर करा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर यायला जास्त वेळ लागते, पंख्याला कळत नाही पण राउटरला कळते. फुकटचा इलाज आहे, आधी तो करा.

शून्य_एक

तरी घ्यायचाच असेल तर तुम्हाला ९ आणि १२ अशी दोन वेगळी आउटपुट असलेला लागेल, १२ ची दोन तोंडं असलेला नको. खोक्यावरचा मिलीअँपिअर-तासांचा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८८०० लिहिलं असेल तर ८.८ गुणिले ३.७, म्हणजे साधारण साडेबत्तीस वॉट-तास. व्होल्टेज चढवण्यात थोडे जातात, सत्तावीस धरा. डबा आणि राउटर मिळून दहा-बारा वॉट खातात. साधारण सव्वादोन ते पावणेतीन तास मिळतील, नवीन असताना.

चिकटपट्टी

मी पण घेऊ का? माझी लॅन केबल गच्चीवरच्या स्विचमधून येते.

फायबर_जोडारी

त्या स्विचला बॅकअप आहे का ते केबलवाल्याला विचारा आधी. मोरपंखींच्या फायबरच्या वाटेवरचा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. तुमचा स्विच लाइट गेली की गेला, मग खाली यूपीएस असून वायफायच्या दांड्याच बघत बसाल.